एक दात मागे

मी एक जुना पेचकस आहे, म्हणजे तुमचा स्क्रू-ड्रायव्हर. हातभर लांब, बोटाएवढा जाड, बाभळीच्या मुठीचा. सध्या माझा मुक्काम अनसिंगच्या बौद्धपुऱ्यात, गंगूबाईंच्या घरी, चुलीशेजारच्या खिळ्यावर असतो. सकाळी त्या मला काढतात, चुलीतले निखारे माझ्या टोकानं मागेपुढे सारतात आणि परत अडकवतात. पेचकसानं निखारे सारायचे! पूर्वीचा मी असतो तर रागानं लाल झालो असतो. आता निखाऱ्यात जाऊन लाल होतो, एवढाच फरक.

माझ्या मुठीवर दोन्ही बाजूंनी खोल खाचा आहेत. घरी आलेले पाहुणे मला हातात घेतात, खाचांवरून बोट फिरवतात आणि विचारतात, "याले कुत्र्यानं चावलं का काय?" गंगूबाई तोंडाला पदर लावून हसतात, पण सांगत काही नाहीत. मित्रांनो, ते गुपित आज मी तुम्हाला सांगणार आहे. मात्र दिवेलागणीच्या आत मला आटोपलं पाहिजे. का ते शेवटी कळेल.

मी जन्मानं पेचकस नाही. आधी मी एका प्रवासी बसच्या इंजिनात दांडी होतो. इंजिनाला श्वास घ्यायला आणि सोडायला लहान लहान दारं असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात, मिस्त्री लोक नुसतं 'वाल' म्हणतात. मी खालून ढकललं की वरचं एक दार उघडायचं, मी खाली आलो की मिटायचं. मी रस्ता कधी पाहिला नाही. मानोऱ्याचा चढ आला की धाप लागायची, उतार आला की हलकं वाटायचं, एवढाच माझा भूगोल. भोवती ऊबदार तेल, काळोख, आणि सतत चाललेला एक ठेका. त्या काळोखाची मला अजूनही स्वप्नं पडतात.

बस म्हातारी झाली, मोडीत निघाली आणि मी लखीराम लोहाराच्या गाड्यावर येऊन पडलो. अनसिंगच्या बाजाराच्या दिवशी एक सडपातळ माणूस गाड्यासमोर उकिडवा बसला. त्यानं मला उचललं, दगडावर हलकेच आपटलं आणि झटकन कानाला लावलं. मी अजून थरथरत होतो.

"याच्यात आवाज हाये," तो म्हणाला.

"लोखंडात आवाज नाई तं काय दूध असते?" लखीराम हसला. पण त्यानं मला भट्टीत घातलं, टोक ठोकून चपटं केलं, आणि माझा दुसरा जन्म झाला. मूठ त्या माणसानं स्वतः केली. बाभळीच्या फांदीचा तुकडा फुटक्या काचेनं चार दिवस खरडत होता. मग गालाला लावून पाहायचा, पुन्हा खरडायचा. तो माणूस म्हणजे इंद्रभान मिस्त्री.

स्क्रू पिळायला त्यांच्याकडे दुसरे पेचकस होते. माझं काम ऐकण्याचं. माझं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतला सगळा संसार माझ्या अंगातून चालत चालत त्यांच्या कानात जायचा. कुठे खडखड, कुठे घासणं, कुठे एखादं दार नीट मिटत नाही त्याची कुरकुर. अशा वेळी मिस्त्री इथले नसायचे आणि मीही नसायचो. भोवती माणसं बोलत असायची, बैल हंबरत असायचे, आणि आम्ही दोघं त्या ऊबदार काळोखात एका दारावरून दुसऱ्या दाराशी हळूहळू फिरत असायचो. मग मिस्त्री डोळे उघडत आणि सांगत, "तिसऱ्या नंबरचा वाल सैल हाये." झाकण उघडलं की तिसराच सैल निघायचा. "इंद्रभान कानानं पाह्यते," असं धनजपासून मानोऱ्यापर्यंत लोक बोलत. मी नुसता फुगून जायचो. तेव्हा माझ्या मुठीवर एक ओरखडा नव्हता, कानाला घासून ती आरशासारखी झाली होती.

हा मान फार वर्षं टिकला नाही. लहानपणी मिस्त्रींचा कान वाहायचा. पावसाळा आला की अजूनही वाहायचा. एका वर्षी डावा कान झोपला तो उठलाच नाही, आणि पुढच्या वर्षी उजवा. हे सगळ्यात आधी मला कळलं. मी आवाज घेऊन कानाच्या दाराशी उभा राहायचो आणि आतून कुणी कडीच काढायचं नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदे गेले. मिस्त्री एकटेच गेले होते, मी पिशवीत होतो. परत येताना गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. कान गेलेल्या मिस्त्रीकडे इंजिन कोण आणणार? ते माणसांच्या ओठांकडे पाहायला शिकले, इंजिनावर तळहात ठेवून अंदाज बांधायला शिकले, आणि लोकांना दिसावं म्हणून मला कानाला लावत राहिले.

वाईट वाटायचं ते घरचं. आमच्या भागात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. गंगूबाई दारातून हाक मारायच्या, "आयकलं का?" तेच मिस्त्रींचं नाव. "आयकलं का, जेवाले चाला." "आयकलं का, पोरगी आली सासरहून." मिस्त्री पाठमोरे हातपाय धूत असायचे. गंगूबाई पुन्हा हाक मारायच्या, जरा मोठ्यानं. "मोठे मिस्त्री झाले आता, कायले आयकतीन आपलं," असं त्या चुलीशी पुटपुटायच्या. मी पिशवीत पडून दोन्ही बाजू ऐकत होतो. हळूहळू त्यांनी हाक मारणंच सोडलं. ताट वाढून समोर ठेवायच्या आणि निघून जायच्या.

आता एका इंजिनाची गोष्ट. ओढ्याकाठी पंजाबरावांचा भाजीचा मळा होता. फुलकोबी, वांगी, कोथिंबीर वाशिमच्या बाजाराला जायची. त्यांनी मोडीत निघालेल्या एका मोटारीचं चार सिलिंडरचं इंजिन आणलं होतं, आणि मिस्त्रींनी ते विहिरीकाठी सागवानी ओंडक्यांवर बसवून त्याचा पंप केला होता. त्या इंजिनात त्यांनी इतके फेरफार केले की ज्यानं ते बनवलं त्यालाही ओळखू आलं नसतं. पेट्रोल पिणाऱ्याला रॉकेल प्यायला शिकवलं. धुराची गरम नळी आत जाणाऱ्या नळीभोवती गुंडाळली, म्हणजे रॉकेल तापून वाफ होऊनच आत शिरावं. आतलं एक झिजलेलं दातेरी चाक काढून भलत्याच गाडीचं चाक घासूनपुसून बसवलं.

या चाकांबद्दल नीट ऐका, मित्रांनो. इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड दोन दातेरी चाकं असतात. एक लहान, एक मोठं, एकाचे दात दुसऱ्याच्या दातांत. लहान चाक इंजिनाबरोबर फिरतं. मोठं चाक दारांना हुकूम सोडतं, आता उघडा, आता मिटा. कोणता दात कोणत्या दातात बसवायचा यावर सगळं अवलंबून. एक दात चुकला तर पाहुणा निघून गेल्यावर दार उघडावं तशी गत होते. मोठं चाक परक्या गाडीचं असल्यामुळे त्यावरची कारखान्याची खूण निरुपयोगी होती. मिस्त्रींनी तेव्हा, कान शाबूत असताना, दोन दिवस माझ्या मदतीनं ऐकून ऐकून बरोबर जागा शोधली आणि दोन्ही चाकांवर तेलात कालवलेल्या शेंदराचा एकेक ठिपका दिला. दोन लाल ठिपके समोरासमोर आले की झालं. छिन्नीनं पक्की खूण का मारली नाही, असं तुम्ही विचाराल. मारणार होते. उद्या मारू, उद्या मारू, असं करत राहून गेलं.

मळ्यात पंजाबरावांच्या आई होत्या, प्रयागबाई. वाळलेल्या शेंगेसारख्या बारीक, जिभेच्या तिखट. मिस्त्रींसाठी चहा करायच्या तोही तिखट, भरपूर आलं घालून. पण मिस्त्रींचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा. मिस्त्री तो स्वतः काढायचे, चहा वरून ओतून घ्यायचे, पिऊन विसळायचे आणि जागेवर ठेवायचे. दीक्षेला सतरा वर्षं झाली होती, कोनाड्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. प्रयागबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांची ती रीत होती आणि तिच्याकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्र्याहत्तर साल होतं. दुष्काळ सरला होता, विहिरीला पाणी आलं होतं. पंजाबरावांनी मोठ्या हौसेनं फुलकोबीची रोपं लावली होती. इंजिनाच्या पुढच्या झाकणातून तेल गळत होतं, म्हणून मिस्त्रींनी ते उघडलं. शेंदूर पुसट झाला होता, तो आधी ताजा केला, मग दोन्ही चाकं काढून पोत्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दसरा. छप्पन सालापासून मिस्त्रींनी दसऱ्याचं नागपूर चुकवलं नव्हतं.

"आल्यावर बसवतो," ते पंजाबरावांना म्हणाले. मला छपरीच्या खांबाला टांगलं आणि गंगूबाईंना घेऊन दीक्षाभूमीला गेले.

दसऱ्याच्या सकाळी प्रयागबाई ताट घेऊन आल्या. विळे, कुदळ, वखराची पास, सगळ्यांची पूजा झाली. मग त्या पोत्यावरच्या चाकांकडे वळल्या. काळ्या तेलानं बरबटलेली चाकं. अशांना कुंकू कसं लावायचं? त्यांनी जुन्या लुगड्याची चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि चाकं पुसायला बसल्या. दाताच्या फटीफटीतून पुसली. चाकं चांदीसारखी लखलखली. आणि मग त्यांचं चिंधीकडे लक्ष गेलं. ती लाल झाली होती.

"अगं माय," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "इंद्रभान टिळा लावून गेला वाटते. देव नाई मानत म्हणते, आन जाता जाता चाकाले टिळा लावून गेला! आन म्या पुसला."

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. चाकं त्यांनी उजेडाकडे धरली, कुठे थोडा लालसर डाग उरलाय का पाहिलं, आणि करंगळीशेजारच्या बोटानं तेलात कालवलेलं कुंकू लावलं. लहान चाकावर अगदी जागेवर. मोठ्या चाकावर शेजारच्या दातावर. लोखंडाला जेवढं ओरडता येतं तेवढा मी खांबावरून ओरडलो. त्यांनी चाकांना हात जोडले आणि ताट घेऊन घरात गेल्या.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. चाकं स्वच्छ पाहून खूश झाले. लाल ठिपके समोरासमोर आणले, झाकण लावलं.

इंजिन चालू व्हायलाच तास गेला. चाललं ते खोकत चाललं. रॉकेल तोंडातून उलटं फेकायचं, नळी तापून लालबुंद व्हायची, आणि पंपाला करंगळीएवढी धार. पावसानंतरचं ते कडक ऊन तुम्हाला माहीतच आहे. नव्या लावलेल्या फुलकोबीनं दुपारी माना टाकायला सुरुवात केली. पंजाबराव बादलीनं पाणी घालत होते, पण बादल्यांनी मळा भिजत नाही.

मिस्त्रींनी काय नाही पाहिलं! रॉकेलमध्ये पाणी असेल म्हणून ते फडक्यातून गाळलं. कार्बोरेटर खोलून फुंकला. प्लग घासले. ठिणगी थोडी आधी पाडून पाहिली, जरा बरं वाटलं आणि पुन्हा तेच. वालांच्या फटीत बिडीच्या बंडलाचा कागद घालून पाहिला, फटी बरोबर होत्या. मग एकेक प्लग काढून भोकावर अंगठा दाबला. चारही सिलिंडर अशक्त, आणि चारही सारखेच. इथे ते थांबले. घरातलं एक माणूस आजारी पडलं तर दोष त्याचा. चौघं एकदम पडले तर पाणी तपासावं लागतं. इंजिनात चौघांना मिळून हुकूम सोडणारं एकच, ते मोठं चाक. झाकण उघडलं. लाल ठिपके समोरासमोर. बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. ठिपके समोरासमोर. आणि मधल्या वेळात मला कानाला लावून डोळे मिटायचे. मी सगळं सांगत होतो. दारावर डोकं आपटत होतो.

चौथ्या दिवशी पंजाबराव म्हणाले, "मिस्त्री, रोपं मरून राह्यले. उद्या वाशिमवरून दुसरा मानूस आणतो म्हणतो. राग नका मानू."

मिस्त्री खाली वाकलेले होते, त्यांना ओठ दिसले नाहीत. पंजाबरावांनी खांद्याला हात लावून पुन्हा सांगितलं. मिस्त्री पाहत राहिले. दुसरा माणूस येणार, चूक काढणार, आणि संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार की इंद्रभानचा कान गेला.

"आजचा दिवस द्या," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी इंजिन पुन्हा चालू केलं. एका हातानं वेग वाढवायची तार ओढली, दुसरा हात कार्बोरेटरच्या तोंडावर धरला. मला धरायला हात उरला नाही. मग कुठलाही मिस्त्री करतो तेच त्यांनी केलं, मला मुठीकडून दातांत धरलं. आणि वाकताना माझं टोक पुढच्या झाकणाला टेकलं.

त्यांचे डोळे विस्फारले.

मित्रांनो, पुढचं दार बंद होतं, पण मला मागचं सापडलं होतं! दातांतून जबड्यात, जबड्यातून डोक्यात, अशी ती वाट होती. दोन वर्षं मी ज्या दारात ताटकळत होतो त्याच्या मागच्या बाजूनं मी आत शिरलो, आणि माझ्यामागून सगळं इंजिन शिरलं. मिस्त्रींनी मला करकचून चावलं. पहिली खाच ती. बाभळीची मूठ, तरी दात रुतले. दुखलं का? मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं, की माझ्या मुठीवर पाणी पडलं आणि ते तेल नव्हतं.

ते हातातलं सगळं सोडून, मला दातांत धरून, दारोदार फिरू लागले. पहिला वाल, दुसरा, तिसरा. पूर्वीसारखे आम्ही दोघं त्या काळोखात होतो. दार मिटल्यावर धक्का बसायला हवा, टिक आणि मग धक. इथे धक्का पुढे आणि दार मागून मिटत होतं. चौघांचंही तसंच. सगळं घर एका पावलानं उशिरा चाललं होतं.

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. "एक दात मागं हाये," ते म्हणाले.

"कशावरून?" पंजाबरावांनी विचारलं.

"आयकलं मी."

झाकण उघडलं. दोन लाल ठिपके, समोरासमोर, सरळ. पंजाबरावांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून टोचते. मिस्त्री चाकांपुढे मांडी घालून बसले. दात म्हणत होते चूक, डोळे म्हणत होते बरोबर. ठिपके त्यांच्याच हातचे. मग जे ऐकलं ते खरं की भास? दोन वर्षं ऐकायला आसुसलेल्या माणसाला काहीही ऐकू येऊ शकतं.

तेवढ्यात प्रयागबाई चहाची किटली घेऊन आल्या. चाकांकडे पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"टिळा अजून हाये म्हणा तसाच! माया हातचा हाये तो."

पंजाबरावांनी वर पाहिलं. "तुया हातचा?"

"मंग? याचा टिळा म्या पुसला चाकं धुताना. पाप नोको लागाले, म्हून त्याच जाग्यावर परत लावला. बोट मात्र जरा सरकलं असन."

मिस्त्री एकदा प्रयागबाईंच्या ओठांकडे, एकदा पंजाबरावांकडे पाहत होते. पंजाबराव त्यांच्या कानाशी वाकून ओरडले. मिस्त्रींनी मान हलवली.

"कानाशी नका ओरडू, पंजाबराव. मले आयकू येत नाई. दोन वर्सं झाले. समोर येऊन बोला."

हे ते पहिल्यांदाच कुणाला सांगत होते, आणि सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता. पंजाबराव समोर बसले आणि सावकाश सगळं सांगितलं. मिस्त्रींनी मोठ्या चाकावरचा ठिपका बोटावर घेतला, नाकाशी नेला. कुंकू. मग ते हसले. इतकं हसले की प्रयागबाई घाबरल्या.

"माय, तो टिळा नोयता वो. खूण होती. दात इसरू नाई म्हून."

"मले काय मालूम!" प्रयागबाईंचा चेहरा उतरला. "मले वाटलं, तूबी आमच्यासारका..."

मिस्त्रींनी चाक एक दात सरकवलं. मग छिन्नी घेतली आणि दोन्ही चाकांवर पक्की खूण मारली, जी चार वर्षांपूर्वी मारायची होती. इंजिन एका हिसक्यात चालू झालं. पंपानं दोन उसासे टाकले आणि मनगटाएवढी धार पाटात पडली. पंजाबराव फावडं घेऊन वाफ्यांकडे धावले.

प्रयागबाई मात्र तिथेच उभ्या होत्या. "मलेबी आयकू दे," त्या म्हणाल्या आणि कानाकडे बोट दाखवलं. "काय म्हणते ते आतमंदी."

मिस्त्रींनी मला पुढे केलं आणि हात मागे घेतला. मूठ त्यांच्या थुंकीनं ओली होती, दातांच्या खुणा ताज्या होत्या. त्यांनी ती सदऱ्याला पुसली, पुन्हा पुसली, तरी हात पुढे होईना. मला कोनाड्यातला कप आठवला. प्रयागबाईंनी क्षणभर मुठीकडे पाहिलं, मग स्वतःच हात लांब करून मला घेतलं आणि कानाला लावलं. जिथे मिस्त्रींचे दात, तिथे यांचा कान. बराच वेळ त्या डोळे मिटून उभ्या होत्या.

"कांडून राह्यलं वाटते कोनी आत," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहा घरातल्या कपात आला. कोनाड्यातल्या कपात पुढे एका कोंबडीनं अंडं घातल्याचं मी पाहिलं आहे.

पण मित्रांनो, माझ्या आयुष्यातला मोठा दिवस तो नव्हे. तो तीन दिवसांनी आला. बाजारात प्रयागबाई भाजी घेऊन बसल्या होत्या. गंगूबाई तिथे आल्या, आणि प्रयागबाईंनी कोथिंबिरीची जुडी देता देता सांगितलं, "तुये मालक दातानं आयकतात, तुले मालूम हाये का? कान तं कवाच गेले म्हणे. दोन वर्सं."

गंगूबाई घरी आल्या. मिस्त्री अंगणात पाठमोरे बसून हात धूत होते. गंगूबाईंनी दारातून हाक मारली, खूप दिवसांनी. "आयकलं का?" मिस्त्री हात धूतच राहिले. गंगूबाई उंबऱ्यावर बसल्या. दोन वर्षांच्या सगळ्या हाका त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या असतील. किती राग धरला होता! किती ताटं न बोलता वाढली होती!

मग त्या उठल्या. पिशवीतून मला काढलं, राखेनं घासलं, पाण्यानं धुतलं, पदरानं पुसलं. मिस्त्रींच्या समोर जाऊन बसल्या आणि माझी मूठ त्यांच्या ओठांशी नेली. मिस्त्रींना काही समजेना, पण त्यांनी दातांत धरली, जुन्याच खाचांत. आणि गंगूबाईंनी माझं टोक स्वतःच्या दातांत धरलं.

मी दोघांच्या मधे होतो. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. आजवर मी शेकडो इंजिनांचं बोलणं वाहिलं होतं. माणसाचं कधी नाही. मी श्वास रोखला, म्हणजे लोखंड जेवढा रोखतं तेवढा. दात मिटलेले ठेवून माणूस किती बोलू शकणार? गंगूबाई तेवढंच बोलल्या.

"आयकलं का?"

ते शब्द माझ्या अंगातून गेले. तिकडे पोचले. मिस्त्रींचे दात घट्ट मिटले आणि मुठीवर आणखी एक खाच पडली.

मला दातांतून काढून ते म्हणाले, "आयकलं."

गंगूबाईंनी पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले. असं किती वेळ चाललं होतं ते मी मोजलं नाही.

आता सगळं संपत आलं आहे. मळ्यात वीज आली, पंजाबरावांनी बिजलीची मोटर बसवली. तिला ना वाल, ना दात, नुसतं गुणगुणणं. ते इंजिन मोडीत गेलं, खूण मारलेल्या चाकांसकट. मिस्त्रींचे हात कापू लागले आणि मी पिशवीतून खिळ्यावर आलो. टोक काळं पडलं, मूठ एका बाजूनं करपली. स्क्रूच्या खाचेत घातलं तर आता मी वाकेन.

मित्रांनो, हत्यार वापरून झालं की त्याला तेलाचा हात लावत जा, एवढं मागायचा मला हक्क आहे. पक्की खूण आज मारायची असेल तर उद्यावर टाकू नका. आणि तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर तो रुसला, फुगला, मोठा झाला, असं लगेच धरू नका. बिचाऱ्याचं दार बंद असेल. हाक मारणं सोडू नका, दुसरी वाट शोधा. ती कुठेतरी असतेच, हे माझ्या मुठीला विचारा.

उजेड कमी झाला. मिस्त्री अंगणात येऊन बसलेत. गंगूबाई मूठभर राख घेऊन माझ्याकडे येताहेत, रोज याच वेळी येतात. आता मी थांबतो. त्यांच्या बोलण्याच्या वेळी मी काही बोलत नाही.